ललिता पवार : चेहरा बदलला, पण जिद्द नाही



आज आपण एका मराठी अभिनेत्रीच्या जीवनाची माहिती पाहणार आहोत. लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनवर रामायण पुन्हा लागलं, तेव्हा मुलांनी मंथरा बघितली असेलच. ती भूमिका करणाऱ्या ललिता पवार म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याच्या लेक!

त्यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी झाला. मूळ नाव अंबा सगुण. सिनेमा अजून बोलतही नव्हता, त्या मूकपटाच्या काळात त्या लहान वयातच कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. चांगल्या घरच्या मुलींनी सिनेमात काम करणं तेव्हा लोकांना पटत नसे. तरीही पुढे त्या नायिका झाल्या. नुसत्या नायिकाच नाही, तर १९३८ साली त्यांनी 'दुनिया क्या है' या चित्रपटाची निर्मितीही केली.

१९४२ साल उजाडलं आणि सगळंच बदललं. 'जंग-ए-आजादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात एक प्रसंग होता, त्यात सहकलाकार भगवानदादांना त्यांना थप्पड मारायची होती. ती थप्पड चुकून फार जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याला इजा झाली. उपचारात जवळजवळ तीन वर्षं गेली. चेहरा बरा झाला, पण डावा डोळा कायमचा बारीक राहिला.

नायिकेचं सगळं करिअर चेहऱ्यावर अवलंबून असतं. आता नायिकेच्या भूमिका मिळणार नव्हत्या. दुसरं कुणी असतं तर घरी बसलं असतं. ललिताबाईंनी मात्र चरित्र भूमिका स्वीकारल्या. ज्या डोळ्यामुळे नायिकापद गेलं, तोच डोळा बारीक करून त्यांनी अशी खाष्ट सासू उभी केली की प्रेक्षकांना खरोखर राग यायचा. 'दहेज' चित्रपटातली सासू आठवून बघा. वाईट बाईची भूमिका बघून लोक चिडले, म्हणजे अभिनय जमला!

पण त्या फक्त खाष्ट सासू नव्हत्या. 'श्री ४२०' मधली केळी विकणारी मायाळू बाई त्यांचीच. 'अनाडी' मधली वरून कडक आणि आतून फणसाच्या गऱ्यासारखी गोड घरमालकीण मिसेस डिसाही त्यांचीच. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. १९७१ च्या 'आनंद' मध्ये त्या मेट्रन होत्या. १९८७ मध्ये, सत्तरी गाठलेली असताना, रामानंद सागर यांच्या रामायणात त्यांनी मंथरा साकारली आणि त्या घराघरात पोहोचल्या. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

मुलांना हा पाठ सांगताना दोन गोष्टी जरूर बोला. एक, वर्गात कुणाच्या डोळ्यावरून, चालण्यावरून किंवा बोलण्यावरून चिडवलं जात असेल, तर ललिताबाईंची गोष्ट सांगा. दुसरं, स्नेहसंमेलनात मुख्य भूमिका मिळाली नाही म्हणून रडणारं मूल आणि रुसणारे पालक दरवर्षी असतातच. त्यांना एवढंच विचारा, रामायणात मंथरा नसती तर गोष्ट पुढे सरकली असती का?