सर फेरोजशहा मेहता व मुंबईची म्युनिसिपालिटी

म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीचा हंगाम आला कीं गिरगांवच्या चाळींच्या जिन्यांवर अनोळखी पावलें वाजूं लागतात. आपल्या वॉर्डांतील गटार कोठें तुंबतें हें ज्या गृहस्थांस एरवीं ठाऊक नसतें, ते हात जोडून दारांत उभे राहतात. परळ-लालबागच्या नाक्यांवर नांवांचे फलक चढतात. दादरच्या फुलबाजारांत हारांचे भाव वाढतात. आणि ज्याला कोणी विचारीत नाहीं तो मतदार पंधरा दिवस शहराचा धनी होतो. या प्रकारावर विनोद पुष्कळ झाले आहेत व ते बहुतेक खरेहि आहेत. परंतु हा पंधरवडा मुंबईस फुकट मिळालेला नाहीं. आणि मिळालेला हक्क कागदावर शाबूत असतांहि हातचा कसा जातो, हें या शहरानें अगदीं अलीकडे पाहिलें आहे. मार्च २०२२ मध्यें सभासदांची मुदत संपली व त्यापुढें तीन वर्षांहून अधिक काळ एका प्रशासकाच्या सहीनें या महानगराचा कारभार चालला. करदाता कर भरीत होता. त्याच्या वतीनें जाब विचारावयास मात्र सभागृहांत कोणी नव्हतें. म्हणून या म्युनिसिपालिटीस लोकांचें रूप देण्यांत ज्यांचा वांटा फार मोठा, आणि ज्यांस स्वतःस एका निवडणुकींत पराभव सोसावा लागला, त्या सर फेरोजशहा मेहता यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवणें आम्हांस उचित वाटतें.

फेरोजशहांचा जन्म ता. ४ ऑगस्ट १८४५ रोजीं मुंबईंत एका पारशी व्यापारी कुटुंबांत झाला. एल्फिन्स्टन कॉलेजांत प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांची या हुशार विद्यार्थ्यावर मर्जी बसली. १८६४ सालीं ते पदवीधर झाले व लवकरच एम. ए. झाले. त्याच सुमारास हिंदी तरुणांनीं विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावें म्हणून रुस्तमजी जमशेटजी जिजीभाई यांनीं मोठी रक्कम देऊं केली होती. ग्रँटसाहेबांच्या शिफारशीनें फेरोजशहांची निवड झाली. पुढें अमेरिकेंतील यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले, १८६५ सालीं मुंबईंतील शेअरांचा डोलारा पडला आणि त्याखालीं रुस्तमजींची दौलत सांपडली. तिच्याबरोबर विद्यार्थ्यांची मदतहि आटली. तरी फेरोजशहांनीं अभ्यास पुरा केला. लंडनमध्यें दादाभाई नौरोजी यांचा सहवास त्यांस लाभला. १८६८ सालीं ते बॅरिस्टर होऊन परत आले. एवढें त्यांचें पूर्वचरित्र.

त्यांच्या सार्वजनिक आयुष्यास जो आरंभ झाला तो लोकांस खूष करून नव्हे, तर रागावून. १८६५ च्या कायद्यानें शहराचा सर्व कारभार म्युनिसिपल कमिशनराच्या हातीं दिला होता व त्याच्यावर देखरेख करण्याचें काम जस्टिस ऑफ दि पीस या मंडळीकडे होतें. हे जस्टिस सरकारनें नेमलेले. करदात्यांशीं त्यांचा संबंध काय, असें विचारल्यास, कांहीं नाहीं, हेंच उत्तर होतें. कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हा कर्तबगार, तडफदार आणि खर्चाच्या बाबतींत बेफाम मनुष्य. त्यानें रस्ते रुंद केले, घाण हलविली, आज महात्मा फुले यांचें नांव धारण करणारी मंडई उभी केली. परंतु हिशेब कोणी पाहत नसल्यानें तिजोरीचा तळ दिसूं लागला. १८७१ सालीं करदात्यांचा संताप अनावर झाला. जेम्स फोर्ब्ज, नौरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलीक अशीं वजनदार माणसें चळवळीच्या अग्रभागीं होतीं. क्रॉफर्डला काढा, कमिशनराचें पदच मोडून टाका, असा सूर सर्वत्र होता.

अशा वेळीं २९ नोव्हेंबर १८७१ रोजीं फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें सव्वीस वर्षांच्या या नव्या बॅरिस्टरानें एक निबंध वाचला. श्रोत्यांची अपेक्षा अशी कीं हाहि क्रॉफर्डवर तोंडसुख घेईल. त्यानें सांगितलें तें उलट. दोष एका माणसाचा नाहीं, ज्यांनीं पाहावयाचें त्यांनीं डोळे मिटले हा दोष आहे. कारभार एका जबाबदार अधिकाऱ्याच्याच हातीं असावा, परंतु त्याच्यावर लोकांनीं निवडलेली सभा बसवावी. जस्टिसांच्या हातांत दुसरा अधिकारी दिला तर तोहि असाच वागेल. असा त्या निबंधाचा आशय होता. सभेस हें रुचलें नाहीं, व वक्त्याची तेथें बरीच अवहेलना झाली. आमच्या मतें फेरोजशहांच्या सबंध आयुष्यांतील हा सर्वांत मोलाचा प्रसंग होय. चिडलेल्या जमावापुढें उभें राहून, तुमचा राग खरा परंतु तुमचा इलाज खोटा, असें सांगणारा उमेदवार आज कोणत्या वॉर्डांत भेटेल?

पुढील वर्षींच कायदा झाला. १८७२ च्या या कायद्यानें ६४ सभासदांची कॉर्पोरेशन अस्तित्वांत आली; निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनीं निवडावयाचे, १६ जस्टिसांनीं व १६ सरकारनें नेमावयाचे. हिंदुस्थानांतील मोठ्या शहरांत करदात्यांस मिळालेला हा अगदीं पहिल्या हक्कांपैकीं एक. नव्या कॉर्पोरेशनचें काम १८७३ सालीं सुरू झालें व त्याच वर्षीं फेरोजशहा तिचे सभासद झाले. त्यानंतर चाळीस वर्षें त्यांचें व या सभागृहाचें नांव एकमेकांपासून वेगळें काढतां आलें नाहीं. १८८४ व १८८५ सालीं आणि पुन्हां १९०५ सालीं ते अध्यक्ष झाले. बोरीबंदरासमोरच्या इमारतीचा पाया १८८४ सालीं लॉर्ड रिपन यांच्या हस्तें घातला गेला तेव्हां अध्यक्षस्थान त्यांच्याकडेच होतें.

या काळांतील त्यांचें मुख्य काम म्हणजे १८८८ चा कायदा. सरकारनें जो मसुदा आणला त्यांत कॉर्पोरेशनचे अधिकार हळूच कमी करण्याची योजना होती. कायदे कौन्सिलांत काशिनाथ त्रिंबक तेलंग व फेरोजशहा हे दोघे होते. कलमामागून कलम त्यांनीं झगडून बदलून घेतलें. सभासदांची संख्या ७२ झाली, त्यांत वॉर्डांतून करदात्यांनीं निवडावयाचे ३६; शहराच्या कारभारांत शेवटचा शब्द कॉर्पोरेशनचा, ही गोष्ट कायद्यांत राहिली. हाच कायदा, पुष्कळ दुरुस्त्या होऊन, आजहि मुंबईस लागू आहे. अंमलबजावणीचा अधिकार कमिशनराकडे व देखरेखीचा सभेकडे ही त्यांतील वांटणी तेव्हांपासूनची. वांटणीचा अर्थ असा कीं सभा जागी असेल तर कमिशनर उपयोगी पडतो. सभाच नसेल तर १८६५ चें साल परत येतें.

त्यांच्या इतर कामगिरीचा उल्लेख थोडक्यांत पुरे. १८८५ सालीं तेलंग व बद्रुद्दिन तय्यबजी यांच्यासह बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशन, १८९० सालीं कलकत्त्यास काँग्रेसचें अध्यक्षपद, १९०१ सालीं जमीनमहसुलाच्या बिलाच्या निषेधार्थ कौन्सिलांतून सहकाऱ्यांसह बाहेर पडणें, १९०४ सालीं सर ही पदवी, हें सर्व प्रसिद्धच आहे. सुरतेच्या काँग्रेसमधील त्यांच्या धोरणाबद्दल महाराष्ट्रांतील टिळकपक्षीयांनीं त्यांस कधीं क्षमा केली नाहीं, आणि ती करावी असा आमचाहि आग्रह नाहीं.

चरित्र म्हणजे आरती नव्हे. म्हणून या थोर पुरुषाच्या कारकीर्दीची दुसरी बाजू सांगणेंहि भाग आहे. ज्या करदात्यांच्या नांवानें कॉर्पोरेशन चालत होती ते करदाते होते किती? १८७२ च्या कायद्यांत मताचा हक्क वर्षाला ठराविक रकमेचा कर भरणाऱ्यास होता, म्हणजे व्यवहारांत घरमालकास व सुखवस्तु व्यापाऱ्यास. परळ, लालबाग, चिंचपोकळी येथें गिरण्यांच्या चिमण्या त्याच वर्षांत उभ्या राहत होत्या. कोंकण-घाटावरून आलेला गिरणीकामगार दहा बाय दहाच्या खोलींत दाटीनें राहत होता. शहराची संपत्ति त्याच्या हातून निर्माण होत होती. त्याच्या चाळीच्या नळाला पाणी किती वेळ यावें हें बोरीबंदरासमोर ठरत होतें. परंतु त्याला मत नव्हतें. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणीकामगारांची संघटना उभारून १८९० सालीं रविवारची सुट्टी मिळविली ती मतपेटीच्या जोरावर नव्हे. १८९६ सालीं प्लेग आला तेव्हां कोंदट चाळींतील लोक किती मेले हें सर्वांस माहीत आहे. त्यानंतर १८९८ सालीं शहर सुधारणेसाठीं ट्रस्ट निघाला तोहि मतदारांस जबाबदार नसलेला. दादर-माटुंग्याच्या सुंदर वसाहती त्यानें आंखल्या, परंतु तो कॉर्पोरेशनमध्यें विलीन होण्यास १९३३ साल उजाडावें लागलें. फेरोजशहांनीं सरकारशीं कॉर्पोरेशनच्या हक्कांसाठीं जेवढा झगडा केला तेवढा या बिनमतांच्या माणसांस मत मिळावें म्हणून केला नाहीं. शिवाय सभागृहांत त्यांचा दरारा असा कीं विरुद्ध बोलणारास धीर होत नसे. मुंबईचा अनभिषिक्त राजा ही त्यांची ख्याति कौतुकाची खरी. परंतु लोकसत्ताक सभेंत राजा असणें ही स्तुति कीं टीका, याचा विचार त्यांच्या भक्तांनीं फारसा केला नाहीं.

या दराऱ्याचाच फायदा त्यांच्या शत्रूंनीं घेतला. १९०७ च्या आरंभीं कॉर्पोरेशनची निवडणूक आली. फेरोजशहा जस्टिसांच्या १६ जागांपैकीं एकीसाठीं उभे होते. यांना कॉर्पोरेशनबाहेर घालवावें असा बेत कांहीं गोऱ्या अधिकाऱ्यांनीं केला. अकाउंटंट जनरल हॅरिसन याचे सूत्रधार; म्युनिसिपल कमिशनर शेपर्ड, पोलीस कमिशनर गेल व टाइम्सचे संपादक लोव्हॅट फ्रेझर हे त्यांचे साथी. यांच्या टोळीस पुढें कॉकस हें नांव पडलें. एकजुटीचें कारण उघड सांगितलें जाई तें असें कीं एका माणसाची हुकमत मोडावयाची आहे. हें कारण अगदींच खोटें नव्हतें. परंतु हुकमत मोडण्यास निघालेले कोण? ज्यांच्या कारभारावर त्या माणसाची नजर होती तेच! ज्याचा हिशेब तपासावयाचा त्यानें तपासनीस निवडावा, असा हा न्याय झाला.

युक्ति साधी होती. सोळा जागांस सोळा नांवांची एक यादी ठरविली. तींत युरोपियन, हिंदु, मुसलमान, पारशी असे सर्व प्रकारचे लोक घेतले, म्हणजे कोणत्याहि समाजास तक्रारीस जागा नको. आणि मित्रमंडळीस व हाताखालच्या लोकांस सांगून सर्व मतें त्या यादीवर एकगठ्ठा पाडविलीं. निकाल लागला तेव्हां यादींतील सोळाहि निवडून आले. फेरोजशहा सतरावे. ३४ वर्षें जिच्यासाठीं खपले, त्या सभेंत त्यांना जागा उरली नाहीं. त्या वेळीं त्यांचें वय ६१ वर्षांचें होतें.

शहरांत खळबळ उडाली. माधवबागेंत प्रचंड निषेधसभा भरली व गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखा संयमी पुढारीहि अधिकाऱ्यांच्या या हस्तक्षेपाविरुद्ध उभा राहिला. मग एक गोष्ट उघडकीस आली. यादींतील सुलेमान अब्दुल वाहेद या गृहस्थांचा कॉर्पोरेशनच्या एका कंत्राटाशीं संबंध होता, आणि कायद्याप्रमाणें कंत्राटांत हितसंबंध असणारास सभासद होतां येत नाहीं. प्रकरण न्यायासनापुढें गेलें. ती निवड रद्द झाली व पुढच्या क्रमांकाचे उमेदवार म्हणून फेरोजशहा निवडून आल्याचें जाहीर झालें. ज्या कायद्याचीं कलमें घडविण्यांत स्वतः झिजले त्याच १८८८ च्या कायद्यानें त्यांस आंत घेतलें. कंत्राटदारास सभासदत्व नको हा नियम आजहि आहे. मात्र आतां कंत्राट भाच्याच्या नांवावर असतें, एवढाच काय तो फरक!

या निवडणुकीचा एक मुद्दा त्या वेळच्या गदारोळांत बाजूस राहिला. फेरोजशहा गिरगांव, मांडवी किंवा दुसऱ्या एखाद्या वॉर्डांतून करदात्यांपुढें उभे राहिले असते तर अकाउंटंट जनरलाची यादी तेथें पोहोंचली नसती. ते उभे होते सरकारनें नेमलेल्या जस्टिसांपुढें, आणि नेमलेल्या मतदारांस नेमणाऱ्याचा इशारा लवकर समजतो. ज्या जस्टिसमंडळीच्या निष्काळजीपणावर त्यांनीं १८७१ सालीं बोट ठेवलें, तिच्याच मतांवर आपलें आसन त्यांनीं इतक्या उशिरापर्यंत टेकवावें ही त्यांची चूक झाली असें आम्हांस वाटतें.

यानंतर ते आठ वर्षें जगले. १९११ सालीं सोराबजी पोचखानवाला यांनीं काढलेल्या सेंट्रल बँकेचे ते पहिले अध्यक्ष झाले. गोऱ्या पत्रांस उत्तर द्यावयास १९१३ सालीं त्यांनीं बाँबे क्रॉनिकल हें दैनिक काढलें व हॉर्निमन यांस संपादक नेमिलें. १९१५ ची काँग्रेस मुंबईस भरावयाची ठरली होती. ती पाहण्यास ते राहिले नाहींत. ता. ५ नोव्हेंबर १९१५ रोजीं त्यांचा अंत झाला.

त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनीं, १९२२ च्या दुरुस्तीनें, जस्टिसांनीं सभासद निवडण्याची पद्धत बंद झाली. मताचा हक्क कर भरणाराकडून भाडें भरणाराकडे आला. परंतु दरमहा दहा रुपये भाड्याची अट असल्यानें एका खोलींत राहणारा लालबागचा कामगार बहुधा बाहेरच राहिला. १९२३ सालीं सभागृहांत अवंतिकाबाई गोखले व सरोजिनी नायडू या आल्या, आणि त्याच वर्षीं फेरोजशहांचा पुतळा कॉर्पोरेशनच्या इमारतीसमोर बसला. सर्व प्रौढांस मत मिळून मुंबईची पहिली निवडणूक झाली ती १९४८ सालीं. त्या दिवशीं परळ व लालबागच्या चाळींतून जे लोक मतदानास बाहेर पडले, त्यांच्यांतील पुष्कळांच्या घरांतलें तें पहिलें मत होतें.