सरखेल कान्होजी आंग्रे

मुलांनो, पेणहून अलिबागला जाताना धरमतरचा पूल लागतो. पुलाखाली अंबा नदीची खाडी आहे. ती रेवसजवळ समुद्राला मिळते. तिथून मुंबई बंदर जवळच आहे. तीनशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांचा मोठा दरारा होता.

कान्होजींचा जन्म १६६९ साली झाला. त्यांचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. कान्होजी समुद्राच्या सोबतीनेच वाढले म्हणा ना! पुढे ते मराठी आरमाराचे प्रमुख झाले. त्यांना ‘सरखेल’ हा किताब मिळाला. अलिबागचा कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे होते.

या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना कान्होजींचा परवाना घ्यावा लागे. त्याला ‘दस्तक’ म्हणत. इंग्रजांना हे मान्य नव्हते. ते कान्होजींना चाचा म्हणत. पण आपल्या समुद्रात जकात घेणाऱ्याला चाचा कसे म्हणावे, हे तुम्हीच सांगा.

आज एखादे विमान पळवून नेले की साऱ्या जगाला प्रवाशांची काळजी लागते. नोव्हेंबर १७१२ मध्ये मुंबईच्या इंग्रजांची अशीच स्थिती झाली. त्यांच्या गव्हर्नरचे ‘अल्जेरीन’ हे जहाज कान्होजींच्या आरमाराने पकडले. कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाऊन लढाईत मारला गेला. त्याची पत्नी कॅथरिन कैद झाली. तिचे वय विशीच्याही आत होते. डोळ्यांदेखत पती गेला, आणि पुढे काय होणार ते कळेना. तिच्या मनाची अवस्था कशी असेल, याचा विचार करा.

इंग्रजांजवळ तोफा होत्या. पण तोफा डागून कैदी सुखरूप सुटले नसते. इकडे कान्होजींनाही सवड हवी होती. शाहू महाराजांशी त्यांचे पटत नव्हते. एकाच वेळी दोन शत्रू कोण अंगावर घेईल? अखेर दोन्ही बाजूंनी बोलणी केली. इंग्रजांनी तीस हजार रुपये खंडणी भरली. फेब्रुवारी १७१३ मध्ये कॅथरिन सुटली. जहाजही परत मिळाले. पुढे बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजींचा शाहू महाराजांशीही समेट झाला.

इंग्रजांशी झालेला सलोखा मात्र चार-पाच वर्षेच टिकला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. त्यांना किल्ला घेता आला नाही. १७२९ साली कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबाग शहरात आहे.