समजून घ्या : विम्याचा हप्ता थकला, तर भरलेले पैसे कोणाचे?

विम्याचा हप्ता थकला की आधी भरलेले पैसे कुठे जायचे? दोनशे वर्षांपूर्वी उत्तर सोपं होतं : कंपनीच्या खिशात. याविरुद्ध उभे राहिले अमेरिकेचे एलिझर राईट (१८०४-१८८५).

राईट गणिताचे प्राध्यापक, पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीचे कार्यकर्ते. १८४४ मध्ये लंडनला त्यांनी म्हाताऱ्यांच्या पॉलिसींचा लिलाव पाहिला. हप्ते परवडेनासे झाले की वृद्ध पॉलिसी विकायचे. विकत घेणारा हप्ते भरत त्यांच्या मरणाची वाट पाहायचा. राईट यांना गुलामांचा बाजारच आठवला.

उपाय त्यांनी आकडेमोडीत शोधला. आयुर्विम्यात तरुणपणी जोखमीपेक्षा जास्त हप्ता घेतात, कारण म्हातारपणी तेवढा हप्ता पुरत नाही. ही जास्तीची रक्कम कंपनीने राखून ठेवलीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ती किती, याची कोष्टकं त्यांनी स्वतः तयार केली. पुढे या हिशेबांसाठी दंडगोल स्लाइड रूलही बनवला. (कॅल्क्युलेटरशिवाय! इंजिनिअरिंगवाल्यांनी दाद द्यावी.)

१८५८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने राखीव निधी सक्तीचा केला आणि राईट विमा आयुक्त झाले. म्हणजे हिशेबात न बसणारा स्वस्त दर दाखवून ग्राहक ओढणंही अवघड झालं. १८६१ च्या कायद्यानुसार हप्ता थकला, तरी राखीव रकमेच्या चार पंचमांश भागातून विमा काही काळ चालू राहू लागला. कंपन्यांना ते रुचलं नाही. १८६६ मध्ये राईट यांचं पद गेलं, पण पाठपुरावा सुटला नाही. रोख सरेंडर व्हॅल्यूचा कायदा तिथे १८८० मध्ये झाला. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते.