आकड्यांचं घर बांधणारे धनंजयराव गाडगीळ



'माझे गाव' हा प्रकल्प दिला की मुलं मोबाईलवर गावाचं नाव टाकतात आणि जो आकडा आधी दिसेल तो वहीत उतरवतात. आमच्या मुर्रीची लोकसंख्या एकाच वर्गात तीन प्रकारची निघू शकते. कुणी मोजली, कोणत्या वर्षी मोजली, हे वहीत नसतंच. म्हणून आज चरित्रासाठी असा माणूस निवडला आहे, ज्याने आयुष्यभर आधी हेच दोन प्रश्न विचारले.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला, पण ते वाढले नागपुरात. म्हणजे आपल्या विदर्भाचेच म्हणायला हरकत नाही. शाळा नागपुरात झाली आणि १९१८ मध्ये ते केंब्रिजला गेले. तिथे पदवीसाठी त्यांनी विषय घेतला तो हिंदुस्थानातल्या उद्योगधंद्यांच्या वाढीचा. तो प्रबंध १९२४ मध्ये पुस्तक म्हणून छापला गेला आणि पुढे कित्येक वर्षं कॉलेजात वाचला जात होता. वय होतं अवघं तेवीस!

परत आल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात थोडे दिवस नोकरी, मग सुरतच्या महाविद्यालयात पाच वर्षं प्राचार्य. खरं काम सुरू झालं १९३० साली. साताऱ्याचे रावबहादूर काळे यांनी दिलेल्या देणगीतून पुण्यात, भारत सेवक समाजाच्या आवारात, गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था उभी राहिली. गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्याच खुर्चीवर राहिले. छत्तीस वर्षं एका संस्थेत!

त्या काळी देशाच्या गरिबीवर भाषणं करणारे पुष्कळ होते. पण पुण्यातल्या एका कुटुंबाला महिन्याला किती मिळतं, ते किती खोल्यांत राहतं, हे सांगणारा कागद कुणाकडे नव्हता. गाडगीळांनी पाहणीदार घरोघरी पाठवले. पुणे शहराची ही सामाजिक-आर्थिक पाहणी १९३६-३७ ची. तिचा पहिला भाग १९४५ ला छापून आला आणि दुसरा १९५२ ला. एवढा उशीर का? जमवलेलं तपासायचं, तक्ते मांडायचे, हे सगळं हातानं. वाई तालुक्यातल्या शेतीच्या हिशेबाचीही त्यांनी अशीच पाहणी केली.

आपल्या कामाची पाहणी मात्र वेगळीच आहे. सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणावरचे दोन अहवाल गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांच्या नावावर १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळा सुटून काही वर्षं झाल्यावर मुलाला लिहिता-वाचता येतं की शिकलेलं विसरतं? किती मुलं एकाच इयत्तेत अडकतात, किती मधूनच गळतात? हेच प्रश्न आज आपण केंद्रप्रमुखांच्या बैठकीत विचारतो. सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी गावोगाव फिरून त्यांची उत्तरं शोधली होती, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

गाडगीळ नुसते कागदावरचे अर्थतज्ज्ञ नव्हते, हेही सांगायला हवं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारताना ते त्याचे अध्यक्ष होते. १९४९ मध्ये देशाचं राष्ट्रीय उत्पन्न मोजायला समिती नेमली, तिच्यात महालनोबिस, राव आणि गाडगीळ असे तिघेच. पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६७ पासून योजना आयोगाचे उपाध्यक्ष. केंद्राची मदत राज्यांना कशी वाटायची याचं गाडगीळ सूत्र तिथलंच. त्यात साठ टक्के वजन लोकसंख्येला होतं. म्हणजे मोजणीत चूक झाली, तर राज्याच्या वाट्याचे पैसेच कमी! आपल्याकडे पटसंख्येवर शिक्षकांची पदं ठरतात, त्यामुळे हे आपल्याला जास्त समजवावं लागत नाही. ३ मे १९७१ रोजी त्यांचं निधन झालं.

गोखले संस्थेच्या ग्रंथालयाला आज धनंजयराव गाडगीळांचं नाव आहे. मूळ संग्रह भारत सेवक समाजाचा, म्हणजे गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या काळापासूनचा. जनगणनेचे अहवाल, सरकारी समित्यांचे अहवाल, गॅझेटियर असं बरंच तिथे साठलेलं आहे. पूर्वी ते बघायला पुणं गाठावं लागायचं. आता जुन्या पुस्तकांचा आणि अहवालांचा मोठा भाग संस्थेच्या डिजिटल भांडारात आहे आणि मुर्रीत बसूनही उघडता येतो.

पण उघडता येणं वेगळं, सापडणं वेगळं. वाचनालयात कुणी गावाचे आकडे मागायला आलं, की ग्रंथपालाने आधी विचारावं: कोणत्या वर्षाचे? कारण गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. २००१ आणि २०११ ची मुर्री गोंदिया जिल्ह्यात मिळेल. १९९१ ची हवी असेल तर भंडारा जिल्हा बघा. १९५१ ची हवी असेल, तर भंडाराही महाराष्ट्रात नाही, मध्य प्रदेशात शोधा, कारण १९५६ पर्यंत आपण तिकडेच होतो. मूल नुसतं 'गोंदिया १९५१' टाकून बसलं तर जिल्ह्याचं काहीच निघणार नाही, आणि माहितीच नाही असं समजून ते उठून जाईल.

दुसरी अडचण इंग्रजी स्पेलिंगची. जनगणनेच्या कागदांत गोंदियात 'वाय' असतो, रेल्वेच्या पाटीवर नसतो. दोन्ही टाकून बघा. गावनिहाय आकडे जनगणनेच्या संकेतस्थळावर 'जिल्हा जनगणना पुस्तिका' या नावाच्या फाईलमध्ये असतात. त्यात गावांची सूची आणि प्रत्येक गावाची लोकसंख्या, साक्षर स्त्री-पुरुष, काम करणारे अशी माहिती मिळते. पूर्ण झालेली शेवटची जनगणना २०११ ची आहे, म्हणून त्या आकड्याला 'आजची लोकसंख्या' म्हणू नये. शाळेची माहिती हवी असेल तर यू-डायस आहेच, ती तर आपणच भरतो.

आणि कुणाला त्याहून मागे जायचं असेल, तर भंडारा जिल्ह्याचं १९०८ चं इंग्रजी गॅझेटियर बघावं. त्या काळात गोंदिया तिरोडा तहसिलीत होतं, म्हणून पानं चाळताना तिरोड्यापासून सुरुवात करा.