स्पिटफायरचं इंजिन हवेत बंद पडायचं, टिली शिलिंगने त्यावर वॉशरएवढी चकती शोधली

जुनी चेतक रिस्टोअर केलेल्या कुणालाही विचारा. रंग चकाचक, सीट नवीन, क्रोमचे पार्ट चमकतायत. पण गाडी सिग्नलला थांबली की भक् भक् करते आणि बंद. मग शेजारचा कुणीतरी ठामपणे सांगतो, पेट्रोल पोचत नाहीये. तुम्ही नळी साफ करता, फिल्टर बदलता, तरी तेच. शेवटी मेकॅनिक प्लग काढून दाखवतो, तर तो काळाकुट्ट आणि ओला. म्हणजे पेट्रोल कमी पडत नव्हतं, जास्त होत होतं. कार्बोरेटर ओव्हरफ्लो.

इंजिन उपाशी राहिलं तरी बंद पडतं आणि पेट्रोलमध्ये बुडालं तरी बंद पडतं. चेतकचं ठीक आहे, तिरकी करून दोन किका मारल्या की होते सुरू. पण 1940 मध्ये हाच प्रकार ब्रिटनच्या लढाऊ विमानांत होत होता आणि तिथे मागे जर्मन विमान लागलेलं असायचं.

त्यावर उपाय शोधणाऱ्या इंजिनिअरचं नाव बिअॅट्रिस शिलिंग. जवळचे लोक तिला टिली म्हणायचे.

8 मार्च 1909 ला इंग्लंडमधल्या हॅम्पशायरच्या वॉटरलूव्हिलमध्ये तिचा जन्म झाला. वडील खाटीक. पोरीला लहानपणापासून मेकॅनोचं वेड होतं, चौदाव्या वर्षी तिने पैसे साठवून एक जुनी रॉयल एनफिल्ड मोटारसायकल घेतली. चालवायला तर घेतलीच, पण खोलून परत जोडायला जास्त.

शाळा संपल्यावर तिला मार्गारेट पार्ट्रिज भेटली. ही बाई गावोगावी विजेची कामं घ्यायची आणि शिकाऊ म्हणून मुलींना ठेवायची. टिली तिच्याकडे वायरिंग करायला, जनरेटर बसवायला शिकली. कॉलेजला जा, हा आग्रहही पार्ट्रिजचाच. मग टिली मँचेस्टरला गेली, 1932 मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि पुढच्या वर्षी मेकॅनिकलमध्ये मास्टर्स. त्या काळात इंजिनिअरिंगच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असायच्या.

मोटारसायकल सुटली नव्हतीच. ब्रुकलँड्सच्या रेस ट्रॅकवर ताशी 100 मैलांच्या वर लॅप मारणाऱ्याला गोल्ड स्टार मिळायचा. टिलीने 1934 मध्ये नॉर्टनवर 106 मैलांचा लॅप मारला, म्हणजे ताशी साधारण 170 किलोमीटर. असा गोल्ड स्टार मिळवणाऱ्या बायका फक्त तीन. 1938 मध्ये तिचं जॉर्ज नेलरशी लग्न झालं. त्याने स्वतः गोल्ड स्टार मिळवेपर्यंत टिलीने होकार दिला नाही, असं सांगतात. खरंखोटं माहीत नाही, पण तिच्याकडे बघून पटतं.

1936 मध्ये ती फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत लागली. सुरुवातीला काम काय, तर तांत्रिक पुस्तिका लिहायचं. पण तिला वर्कशॉपमध्ये जायचं होतं. थोड्याच वर्षांत विमानांच्या कार्बोरेटरचं काम तिच्याकडे आलं.

आणि तिथेच खरा घोळ होता.

स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही विमानांत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं. बारा सिलिंडर, 27 लिटर. पण पेट्रोल द्यायला साधा फ्लोटवाला कार्बोरेटर. तुमच्या गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, तसंच. पेट्रोलची पातळी वाढली की फ्लोट वर येतो आणि सुई आत येणारं पेट्रोल बंद करते. पातळी उतरली की सुई उघडते. जमिनीवर यात काही अडचण नाही.

आता एसटीच्या मागच्या सीटवर बसलाय आणि गतिरोधक आला असं समजा. बूड सीटवरून उचललं जातं. पायलटने विमानाचं नाक एकदम खाली दाबलं की तेच होतं, फक्त कितीतरी जोरात. कार्बोरेटरमधलं पेट्रोलही असंच उचललं जाऊन छताला चिकटायचं. जेट असतात तळाला, त्यामुळे इंजिनला क्षणभर पेट्रोल मिळायचं नाही आणि ते गचके खायचं.

पण एवढंच असतं तर ते बहुतेक वेळा सावरलं असतं. खरी गडबड त्यानंतर व्हायची. पेट्रोल वर गेल्यामुळे फ्लोट तळाला जायचा. बॉलकॉकच्या हिशोबाने टाकी रिकामी! सुई सताड उघडायची आणि पंप पूर्ण जोराने पेट्रोल आत ढकलायचा. इंजिन पेट्रोलने तुंबायचं, काळा धूर सोडायचं आणि बंद पडायचं.

समोरच्या जर्मन मेसरश्मिट 109 मध्ये हा प्रश्नच नव्हता. त्याच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये इंजेक्ट व्हायचं. त्यामुळे मागे स्पिटफायर लागलं की जर्मन पायलट सरळ नाक खाली घालून सूर मारायचा. ब्रिटिश पायलटला आधी विमान अर्धं उलटं करावं लागायचं आणि मग खाली वळवावं लागायचं, म्हणजे पेट्रोल तळाला दाबलेलं राहतं. यात जे काही सेकंद जायचे, तेवढ्यात शिकार निसटायची. जर्मन मागे असेल तर ब्रिटिश पायलटला त्याच्यासारखा सूर मारून निसटताही यायचं नाही.

मग रोल्स-रॉइसने इंजेक्शन का नाही वापरलं? त्यांचंही म्हणणं चुकीचं नव्हतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना सुपरचार्जरकडे जाणारी हवा थंड होते, थंड हवा जास्त दाट असते आणि त्यातून ताकद वाढते. ती त्यांना सोडायची नव्हती. शिवाय ऐन युद्धात हजारो इंजिनं बदलणार कोण आणि कधी?

टिलीने हा गोंधळ दोन भागांत वेगळा केला. पहिला गचका क्षणभराचा, तो चालून जाईल. इंजिन खरं मारतोय तो नंतरचा पूर. मग पूरच येऊ दिला नाही तर? इंजिन पूर्ण ताकदीवर असताना त्याला जास्तीत जास्त जेवढं पेट्रोल लागतं, बरोबर तेवढंच जाईल अशा मापाचं भोक पाडलेली धातूची छोटी चकती कार्बोरेटरच्या आधी नळीत बसवायची. दिसायला वॉशरच. सुई कितीही उघडली तरी भोकापेक्षा जास्त पेट्रोल येणार नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण सगळा खेळ त्या भोकाच्या मापाचा होता. लहान झालं तर टेकऑफलाच ताकद कमी पडणार, मोठं झालं तर पूर परत आला. इंजिनच्या बूस्टप्रमाणे दोन वेगळी मापं काढली गेली. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे विमान दुरुस्तीला पाठवायची गरज नव्हती, तळावरच काम व्हायचं.

1941 च्या सुरुवातीला टिली छोटी टीम घेऊन एकेका तळावर गेली आणि चकत्या बसवून घेतल्या. ती स्वतः जायची मोटारसायकलवर. मार्चपर्यंत फायटर कमांडमध्ये हे काम पूर्ण झालं होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करू. या चकतीने बॅटल ऑफ ब्रिटन जिंकली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. तसं नाही. ती लढाई ऑक्टोबर 1940 मध्येच संपली होती आणि त्यातले पायलट त्या आजारी कार्बोरेटरवरच लढले. शिवाय चकती लावूनही विमान बराच वेळ उलटं उडवता यायचं नाही. पण फ्लोटशिवाय चालणारे प्रेशर कार्बोरेटर येईपर्यंत, म्हणजे 1943 पर्यंत, याच चकतीवर भागलं.

पायलट लोकांनी तिला नाव दिलं मिस शिलिंग्ज ऑरिफिस. ऑरिफिस म्हणजे भोक. विनोद कुठल्या पातळीचा होता ते कळलंच असेल. बाकी मिस तर ती तेव्हा नव्हतीच, लग्न होऊन दोन वर्षं उलटली होती.

युद्धानंतर तिला ओबीई हा किताब मिळाला. ब्लू स्ट्रीक क्षेपणास्त्राच्या कामात ती होती, ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक कसे लागतात यावरही तिने काम केलं. 1969 पर्यंत ती फार्नबरोमध्येच राहिली, पण संस्थेतल्या अगदी वरच्या खुर्च्या तिच्या वाट्याला आल्या नाहीत. सुट्टीच्या दिवशी नवरा-बायको मिळून कार रेसिंग करायचे आणि गाड्या स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायचे. 1967 मध्ये रेसर डॅन गर्नीच्या ईगल या फॉर्म्युला वन गाडीचं इंजिन तापत होतं, तेव्हाही विचारायला टिलीकडेच आले.

18 नोव्हेंबर 1990 ला ती गेली. नंतर फार्नबरोमधल्या एका पबला तिचं नाव देण्यात आलं, द टिली शिलिंग.