किंग यांचे दप्तर आणि पन्नास वर्षांचे कुलूप

अमेरिकेतील काळ्यांचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी अटलांटा येथे झाला. १९५५ च्या डिसेंबरात माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. त्यातून ३८१ दिवसांचा बस बहिष्कार उभा राहिला. त्याचे नेतृत्व सव्वीस वर्षांच्या किंग यांनी केले. १९५९ मध्ये ते भारतात आले. केरळमधील एका शाळेत मुख्याध्यापकांनी दलित मुलांना त्यांची ओळख अमेरिकेतील अस्पृश्य अशी करून दिली. आधी धक्का बसला, मग ते खरेच असल्याचे पटले, असे किंग यांनीच पुढे सांगितले.

समतेसाठी अहिंसेने लढणाऱ्या या माणसाला व्यवस्थेने शत्रू ठरवले. १९६३ च्या ऑक्टोबरात ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी त्यांचे फोन चोरून ऐकण्यास एफबीआयला मंजुरी दिली. हॉटेलच्या खोल्यांतही छुपी यंत्रे बसवली गेली. १९६४ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार जाहीर झाला, त्यानंतर एफबीआयने निनावी पत्र आणि टेप पाठवून त्यांना आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा प्रयत्न केला! ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे त्यांची हत्या झाली. तेथे ते सफाई कामगारांच्या संपाला बळ देण्यासाठी गेले होते. वय अवघे ३९.

हे कारस्थान सविस्तर उघड झाले ते १९७५-७६ मधील सिनेटच्या चौकशीत. १९७७ मध्ये, किंग यांच्या संघटनेने लढवलेल्या दाव्यात, न्यायालयाने त्या टेप एफबीआयकडून काढून राष्ट्रीय अभिलेखागारात ५० वर्षे सीलबंद ठेवण्याचा आदेश दिला. २०२५ च्या जुलैत सरकारने किंग यांच्याविषयीची २ लाख ३० हजारांहून अधिक पाने खुली केली. तेव्हा त्यांच्या मुलांनी ती सहानुभूतीने वाचण्याची विनंती केली.

येथे एक भेद ओळखला पाहिजे. माणसाच्या खासगी आयुष्यातून चोरलेले कुलपात राहिले, तर त्याची अब्रू वाचते. पण पाळतीचा हुकूम कुलपात राहिला, तर अधिकारी वाचतो. म्हणून हुकुमाच्या कागदाला गुप्ततेची मुदत कमीच हवी.

आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात २० वर्षांनंतर माहिती देण्याची तरतूद आहे. मात्र राष्ट्रीय सुरक्षा आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे त्यातून वगळली आहेत. किंग यांच्यावरील पाळतही सुरक्षेच्याच नावाखाली होती, हे चळवळीने विसरता कामा नये.