कार्ल चेर्नी : परीक्षेच्या पुस्तकामागचे गुरुजी

सायंकाळ झाली, कर्वे रस्त्यावरची वर्दळ वाढू लागली की कोथरूडच्या इमारतींमधून निरनिराळे सूर ऐकू येऊ लागतात. कोठे पेटीवर अलंकार चाललेले असतात, कोठे तबल्यावर कायदे आणि अलीकडे कोठे कोठे पियानोचे धडेदेखील. पियानो म्हणजे बहुधा विजेवर चालणारा कीबोर्डच, कारण लाकडी पियानो चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत चढवणे हे काही खायचे काम नाही. असोसिएटेड बोर्ड ऑफ द रॉयल स्कूल्स ऑफ म्युझिक आणि ट्रिनिटी कॉलेज या लंडनच्या संस्थांच्या ग्रेड परीक्षांना पुण्यातील पुष्कळ मुले बसतात. त्यांच्या तयारीत एक नाव पुन्हा पुन्हा भेटते, ते म्हणजे चेर्नी. पाचव्या ग्रेडची तयारी करणाऱ्या एका परिचित मुलीला आम्ही सहज विचारले, की हे चेर्नी कोण? ती गोंधळली. चेर्नी हे पुस्तकाचेच नाव आहे, अशी तिची समजूत होती.

तिला आम्ही दोष देत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला बसणारा विद्यार्थी रागाचे वादी-संवादी आणि गानसमय पाठ करतो, थोर गायक-वादकांची चरित्रे वाचतो आणि लेखी परीक्षेत ती लिहितोदेखील. पियानोच्या परीक्षेत मात्र तीन रचना, स्वरसप्तके आणि स्वरलिपीचे प्रथमदर्शनी वाचन यांतच सारा वेळ निघून जातो. रचना कोणाची, कोणत्या काळातील, कोणत्या वाद्यासाठी लिहिलेली, याची चौकशी करायला सवड उरत नाही. वास्तविक रॉयल स्कूल्सच्या प्रत्यक्ष परीक्षेत पाचव्या ग्रेडपासून परीक्षक स्वतः एखादी रचना वाजवून तिची शैली व काळ यांविषयी प्रश्न विचारू शकतात. अशा प्रश्नांचा पद्धतशीर विचार ज्यांनी फार पूर्वी ग्रंथरूपाने मांडला, त्यांत आघाडीवर होते ते हेच चेर्नी. १५ जुलै हा त्यांचा स्मृतिदिन. त्यानिमित्त त्यांच्या जीवनाची ओळख येथे करून देत आहोत.

कार्ल चेर्नी यांचा जन्म २१ फेब्रुवारी १७९१ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात झाला. मोझार्ट त्याच शहरात त्याच वर्षीच्या डिसेंबरात निवर्तले. चेर्नी यांचे घराणे मूळचे बोहेमियाचे. घरात चेक भाषा बोलली जाई आणि जर्मन भाषा कार्लने बऱ्याच उशिरा आत्मसात केली. वडील वेन्झेल हे पियानो शिकवून संसार चालवत. मुलगा एकुलता एक. तिसऱ्या वर्षी त्याची बोटे पियानोवर फिरू लागली आणि सातव्या वर्षी तो लहान लहान रचना करू लागला. १८०० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्याने व्हिएन्नात मोझार्ट यांचा सी मायनर कॉन्चेर्तो जाहीर मैफलीत वाजवला.

यानंतर सुमारे वर्षभरात जी भेट घडली, तिने त्याचे आयुष्य बदलले. क्रुम्फोल्त्स नावाचे एक व्हायोलिनवादक चेर्नी यांच्या घरी येत असत. ते बीथोव्हेन यांचे निस्सीम चाहते. त्यांनी या मुलाला बीथोव्हेन यांच्याकडे नेले. चेर्नी यांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणींत त्या दिवसाचे चित्र स्पष्ट उमटले आहे. खोलीत सर्वत्र कागद व कपडे पसरलेले, भिंती उघड्या आणि बीथोव्हेन यांच्या अंगात करड्या रंगाचा केसाळ कापडाचा पोशाख. मुलाला ते रॉबिन्सन क्रूसोसारखे भासले. त्यांच्या कानांत पिवळसर औषधात भिजवलेला कापूस होता, हेही त्याच्या बालनजरेने टिपले. त्यामागचे दुःख पुढे साऱ्या जगाला कळणार होते. मुलाने मोझार्ट यांचा एक कॉन्चेर्तो आणि नंतर खुद्द बीथोव्हेन यांचाच पॅथेटिक सोनाटा वाजवला. बीथोव्हेन यांनी त्याला शिष्य म्हणून स्वीकारले.

पहिल्या धड्यांत मोठे काहीच नव्हते, हे आजच्या पालकांनी लक्षात घेण्यासारखे आहे. सर्व स्वरसप्तके, हाताची ठेवण, बोटांची मांडणी आणि विशेषतः अंगठ्याचा वापर एवढेच. सोबत योहान सेबास्टियन बाख यांचे पुत्र कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यांचा वादनविषयक ग्रंथ आणण्यास बीथोव्हेन यांनी सांगितले होते. मग ते स्वर एकमेकांत गुंफून वाजवण्याकडे वळले. मोझार्ट यांचे वादन बीथोव्हेन यांनी तरुणपणी ऐकले होते. ते नाजूक पण तुटक होते आणि त्यात स्वर जोडले जात नसत, असे त्यांचे मत चेर्नी यांनी नोंदवून ठेवले आहे. जुन्या पियानोंवर तसेच वाजवण्याची रीत होती. नव्या पियानोला नवी रीत हवी होती. एकच वाद्य, एकच शहर, जेमतेम वीस वर्षांचे अंतर, तरी वादनाची भाषा वेगळी, हा पाठ त्या मुलाला दहाव्या वर्षी मिळाला.

बीथोव्हेन यांच्या रचनांत चेर्नी इतके रमले, की त्यांपैकी बहुतेक त्यांना मुखोद्गत झाल्या. प्रिन्स लिख्नोव्स्की हे संगीतप्रेमी उमराव त्यांना घरी बोलावून हवी ती रचना वाजवायला सांगत. बीथोव्हेन यांना मात्र हे फारसे पसंत नव्हते. पाठ वाजवणाऱ्याची नजर कागदावर राहत नाही, आणि मग रचनाकाराने लिहिलेल्या खुणांकडे त्याचे दुर्लक्ष होऊ लागते, असे त्यांचे म्हणणे होते. फेब्रुवारी १८१२ मध्ये व्हिएन्नात बीथोव्हेन यांच्या पाचव्या, म्हणजे एम्परर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॉन्चेर्तोचे पहिले वादन झाले, त्या वेळी पियानोवर चेर्नी होते. ते तेव्हा २० वर्षांचे होते.

चार वर्षांनी, फेब्रुवारी १८१६ मध्ये, एक कटू प्रसंग घडला. पियानो आणि फुंकवाद्ये यांसाठी बीथोव्हेन यांनी तरुणपणी लिहिलेले एक पंचवाद्य मैफलीत सादर होत होते. चेर्नी पियानोवर होते. तारुण्याच्या भरात त्यांनी आपल्या पदरचे अलंकरण घातले. काही पल्ले अवघड करून वाजवले, काही स्वर वरच्या सप्तकात नेले. त्या काळी वादक असे सर्रास करत आणि श्रोतेही टाळ्या देत. आपल्याकडे गायकाने जागा घेणे हे तर कौतुकाचेच मानले जाते. पण बीथोव्हेन यांनी सहवादकांच्या समोरच त्यांना कठोर शब्दांत सुनावले. दुसऱ्या दिवशी गुरूंनी पत्र पाठवले. कालच्या रागाबद्दल त्यांनी त्यात दिलगिरी व्यक्त केली आणि त्याबरोबरच हेही सांगितले, की आपली रचना आपण लिहिली तशीच कानी पडावी, एवढीच रचनाकाराची इच्छा असते.

आमच्या मते चेर्नी यांच्या जीवनातील सर्वांत महत्त्वाची घटना ही होय. हा अपमान विसरून जाणे किंवा गुरूंशी अंतर राखणे सहज शक्य होते. चेर्नी यांनी तसे केले नाही. त्याच वर्षी बीथोव्हेन यांनी आपला पुतण्या कार्ल याला शिकवण्यासाठी त्यांच्याच स्वाधीन केले. मुलाची बोटे, लय आणि स्वर जागेवर आले, की लहानसहान चुकांसाठी त्याला मध्येच थांबवू नये. रचना पुरी होऊ द्यावी आणि मग सांगावे, अशी सूचना बीथोव्हेन यांनी त्यांना पत्राने केली होती. पुतण्याचा पियानो फारसा पुढे गेला नाही. सूचना मात्र चेर्नी यांनी आयुष्यभर पाळली असावी.

मैफलींच्या जगात ते रमले नाहीत. प्रवासाची दगदग, वृद्ध आईवडिलांची जबाबदारी आणि स्वभावातील संकोच यांमुळे त्यांनी अध्यापन हेच कार्य मानले. वयाच्या पंधराव्या वर्षापासून ते शिकवू लागले होते. पुढे सकाळपासून रात्रीपर्यंत दिवसाचे दहा-बारा तास शिकवणी चाले. विवाह त्यांनी केला नाही. आई १८२७ साली आणि वडील १८३२ साली वारले, तोपर्यंत ते त्यांच्यासोबतच राहिले.

१८१९ साली हंगेरीतून एक गृहस्थ आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन त्यांच्याकडे आले. मुलगा फिकट, अशक्त. वाजवताना तो बाकावर असा डोलत होता, की आता पडेल असे वाटावे. बोटांना शिस्त नव्हती, पण चेर्नी यांनी समोर ठेवलेला कागद त्याने पाहताक्षणी वाजवला. हा मुलगा म्हणजे फ्रान्झ लिस्ट. पुढे ते कुटुंब व्हिएन्नात राहायला आले तेव्हा चेर्नी यांनी त्याला शिकवले आणि थोड्याच दिवसांत त्याच्याकडून शुल्क घेणे बंद केले. क्लेमेंटी, मोशेलेस, बाख, बीथोव्हेन असा क्रम त्यांनी त्या चंचल मुलाकडून करून घेतला. लिस्ट यांनी प्रौढपणी आपले सर्वांत कठीण एत्यूद चेर्नी यांना अर्पण केले. याच लिस्ट यांनी १८६५ साली रोम येथे ख्रिस्तसभेतील कनिष्ठ दीक्षा घेतल्या आणि ते आबे लिस्ट म्हणून ओळखले जाऊ लागले.

१८३६ साली चेर्नी यांनी नियमित शिकवणी थांबवली. मग ते लिहीत राहिले. १८३९ साली त्यांचा पियानोवादनावरील विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या रचनांच्या यादीत तो क्रमांक ५०० म्हणून ओळखला जातो. त्यात त्यांनी पियानोच्या निरनिराळ्या शैली अलग करून दाखवल्या आहेत. क्लेमेंटी यांची शैली शांत हात आणि ठाम स्पर्श यांची. (हे क्लेमेंटी मूळ रोमचे आणि बालपणी तेथील चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे, हे त्यांचे सोनाटिना वाजवणाऱ्या किती मुलांना ठाऊक असेल?) मोझार्ट यांच्या शैलीत स्वर स्पष्ट व बहुधा सुटे, पेडल अगदी थोडे. बीथोव्हेन यांच्याकडे जोम आणि गाते, जोडलेले स्वर आलटून पालटून. त्यानंतर हुमेल आणि त्यांच्या पिढीचे झगमगते वादन आणि शेवटी थालबर्ग, शोपॅं, लिस्ट यांची तेव्हा नवी असलेली पद्धत. एका शैलीची रचना दुसऱ्या शैलीत वाजवली तर ती बिघडते, हे त्यांनी उदाहरणांसह मांडले. ग्रंथाला पुढे जोडलेल्या चौथ्या भागात बीथोव्हेन यांच्या पियानोरचना एकेक घेऊन तिची लय, तिचा भाव, कोठे सावरावे, कोठे सोडावे हे सांगितले आहे. रचनाकाराने लिहिलेल्यात काही घालू नये, काही गाळू नये, असा तेथे त्यांचा आग्रह आहे. १८१६ च्या त्या मैफलीची आठवण हे लिहिताना त्यांना झाली नसेल, असे आम्हांस वाटत नाही.

गावी राहणाऱ्या सुमारे बारा वर्षांच्या एका कल्पित मुलीला लिहिलेल्या पत्रांचे त्यांचे एक छोटे पुस्तकही आहे. मोठ्या ग्रंथाला कंटाळणाऱ्यांनी ते जरूर पाहावे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. १८३७ साली चेर्नी यांनी बाख यांच्या वेल-टेम्पर्ड क्लाव्हियरची आवृत्ती संपादित केली आणि बाख यांनी कधीच न लिहिलेल्या लयीच्या व लहानमोठ्या आवाजाच्या खुणा तीत घातल्या. बीथोव्हेन ते प्रेल्यूड व फ्यूग कसे वाजवत, ती आठवण त्यांनी प्रमाण मानली. बीथोव्हेन यांच्या बाबतीत जो नियम त्यांनी इतका सांभाळला, तो बाख यांच्या बाबतीत सैल पडला. पुढच्या संपादकांनी हस्तलिखिते ताडून त्या खुणा काढून टाकल्या. तरी जुन्या छापाच्या प्रती आजही पाहायला मिळतात आणि त्यांतील खुणा बाख यांच्याच समजून मुले वाजवतात. परीक्षेसाठी पुस्तक घेताना संपादक कोण, हे मुखपृष्ठावर वाचून घ्यावे, ते यासाठी.

चेर्नी यांच्या छापील रचनांचा क्रमांक ८६१ पर्यंत जातो. स्वतःच्या लेखनाचे त्यांनी चार भाग केले होते: बोटांचे अभ्यास, विद्यार्थ्यांसाठी सोप्या रचना, मैफलीतील चमकदार रचना आणि गंभीर संगीत. प्रकाशकांनी पहिले तीन भाग हातोहात नेले. चौथा भाग बहुतांशी हस्तलिखितातच राहिला. त्यात सिंफनी आहेत, चौवाद्ये आहेत आणि फार मोठ्या संख्येने उपासनेचे संगीत आहे: मिस्सा, रेक्विएम, ग्रॅज्युअल, ऑफर्टरी. क्रमांक ५९९, ८४९ आणि २९९ ही अभ्यासाची पुस्तके मात्र जगभर गेली आणि चेर्नी म्हणजे कंटाळवाणी बोटांची कवायत, असे समीकरण होऊन बसले. क्लोद दब्युसी यांनी १९१५ साली आपल्या एत्यूदांपैकी पहिल्याच्या शीर्षकात चेर्नी यांचे नाव घालून त्यांची थट्टाच केली.

अखेरची काही वर्षे संधिवाताने त्यांना घरात बसवले. १५ जुलै १८५७ रोजी व्हिएन्नात, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मागे पत्नी नाही, मुले नाहीत. आयुष्यभराच्या कष्टाची संपत्ती मात्र मोठी होती. मृत्युपत्रात त्यांनी आपल्यासाठी रेक्विएम मिस्सा व्हावी अशी तरतूद केली आणि उरलेले धन घरकाम पाहणारी बाई, व्हिएन्नाची संगीतमित्र संस्था आणि धर्मादाय कार्ये यांना वाटून दिले. त्या धर्मादाय कार्यांत बहिऱ्यांसाठी चालवलेल्या एका संस्थेचा समावेश होता. त्यांची हस्तलिखिते त्या संगीतमित्र संस्थेच्या संग्रहात आहेत.

कोथरूडच्या त्या मुलीच्या परीक्षेत यंदा क्लेमेंटी यांच्या एका सोनाटिनाचा भाग आणि चेर्नी यांचा एक अभ्यास, असे दोन्ही आहेत. परवा आम्ही गेलो तेव्हा ती सोनाटिना वाजवत होती. मनगटे हलू नयेत म्हणून तिने दोन्ही हातांच्या पाठीवर एकेक रुपयाचे नाणे ठेवले होते. डाव्या हातावरचे दोनदा पडले.